जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा कशा मिसळाव्यात?

प्रश्न: आमच्या परसात सहा गावरान कोंबड्या आहेत. काल आठवडी बाजारातून चार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणून थेट खुराड्यात सोडल्या, तर जुन्यांनी त्यांना दाण्याजवळ फिरकूही दिले नाही आणि एकीचा तुरा रक्त येईपर्यंत टोचला. काय करावे?

उत्तर: जखमी तलंग आधी बाजूला काढावी, कारण रक्त दिसले की बाकीच्याही तिथेच चोच मारत राहतात. बाजारातला पक्षी खरे तर तीन-चार आठवडे वेगळाच ठेवायला हवा. मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) घेऊन आलेली एकच कोंबडी सगळे खुराडे रिकामे करू शकते. आता चारही वेगळ्या करून, हिरवट विष्ठा किंवा वाकडी मान दिसते का, यावर लक्ष ठेवावे.

उत्तर: त्यानंतर मध्ये जाळी लावून, एकमेकींना दिसतील पण चोच पोहोचणार नाही, अशा बेताने आठवडाभर शेजारी ठेवावे. रात्री गुपचूप दांडीवर बसवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. माझ्या अनुभवात भांडण केवळ सकाळवर जाते. दाणापाणी मात्र दोन ठिकाणी ठेवावे आणि चारही एकदमच सोडाव्यात.

प्रश्नकर्ता: चौघींना जुन्या गोठ्यात हलवले आहे. जखमी तलंग आज दाणे टिपू लागली.