मदत हवी आहे : कोळसाबंदी, लवाद आणि अडलेला एक शब्द

मंडळी, नमस्कार. एलएलएमच्या (कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) सेमिनारला मराठीतून बोलायचंय, विषय नेदरलँड्सचा. २०१९च्या कायद्याने तिथे २०३०पासून कोळशावर वीज बनवायला बंदी आली. आरडब्ल्यूई या जर्मन कंपनीचं ईम्सहाफनचं वीजकेंद्र २०१५ला सुरू झालेलं, म्हणजे नवंकोरंच. कंपनीने ऊर्जा सनद करारावर (ऊर्जाक्षेत्रातल्या परकीय गुंतवणुकीला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार) बोट ठेवून २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाकडे सुमारे १.४ अब्ज युरो मागितले. पाठोपाठ युनिपर ही दुसरी जर्मन वीजकंपनीही लवादाकडे गेली. दोघी तिथल्या देशी न्यायालयातही गेल्या होत्या; नोव्हेंबर २०२२मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने भरपाई नाकारली. कोळशाचे दिवस भरत आलेत हे कंपन्यांना आधीच दिसायला हवं होतं, असा एकूण सूर. (मला तरी पटतो.) लवादातले दोन्ही दावेही शेवटी मागे घेतले गेले.

इथवर ठीक. अडलंय पुढे. जून २०२५मध्ये युरोपीय संघ या ऊर्जा सनद करारातून बाहेर पडला, पण कलम ४७प्रमाणे जुन्या गुंतवणुकीला आणखी २० वर्षं संरक्षण राहतं. या ‘सनसेट क्लॉज’ला वहीत ‘सूर्यास्त कलम’ लिहिलं नि खोडलं. इथे सूर्य मावळतोय कुठे? ‘शेपूट कलम’ म्हटलं तर मैत्रीण खो खो हसली. कायद्याच्या मराठीत रूढ शब्द आहे का?

आणखी एक. कोल इंडियाशी वाद असलेल्या ऑस्ट्रेलियन कंपनीचं, व्हाइट इंडस्ट्रीज विरुद्ध भारत (२०११) हे लवादाचं प्रकरण तुलनेला घेऊ का? त्यात मुद्दा कोळसाबंदीचा नव्हे, आपल्या कोर्टांतल्या दिरंगाईचा होता. विषय भरकटेल का? सोमवारी बोलायचंय, जरा लवकर सांगा.