‘गिधाडे’ म्हटल्यावर पुढे बघायचं काय उरतं?

विंगेतला:
विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ हे नाटक पुन्हा वाचलं. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ते रंगमंचावर आणलं तेव्हा झालेला गदारोळ आणि सेन्सॉरची कात्री, हे चघळून झालंय. माझी तक्रार वेगळी आहे. लेखकाने शीर्षकातच निकाल देऊन टाकलाय. पडदा वर जायच्या आधीच कळतं की नाटकातल्या घरची मंडळी एकमेकांचे लचके तोडणार. मग मुलगे बापाला झोडपतात, बहिणीचा पाय मोडतात, आणि वर गिधाडांचे चीत्कार. अहो, कळलं!

खरी करामत नावांत आहे. रमाकांत, उमाकांत म्हणजे विष्णू आणि शंकर. बहीण माणिक. नावं सगळी देव्हाऱ्यातली नाहीतर दागिन्यांच्या डब्यातली. आणि बापाला ‘पप्पा’ अशी लाडाची हाक, त्याच तोंडाने शिव्या. पात्रं इथे उभी राहतात. पक्षी नसते तरी चाललं असतं.

पिटातली खुर्ची:
साफ असहमत. त्या पिढीत भावांची नावं जुळवून ठेवायची रीतच होती. आमच्या चाळीत शशिकांत, रविकांत, लक्ष्मीकांत असे तीन सख्खे भाऊ होते, आणि तिघेही पापभीरू. लेखकाने शेजारपाजारची नावं उचलली असतील. एवढं खोदकाम केलंत तर कुठल्याही नाटकात काहीही सापडेल.

विंगेतला:
बरं, मग रमाचं काय? रमाकांतची बायको रमा, हा योगायोग? आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात बोटाने सुनेचं नवं नाव लिहितात. माझा तर्क असा की हे नाव तिला सासरीच मिळालं असणार. नाटकात तसं कुठे म्हटलेलं नाही, मान्य. पण त्या घरात जी एकच बाई हळुवार आहे, तिचं नाव नवऱ्याच्या नावातून कापून काढल्यासारखं वाटतं.

पिटातली खुर्ची:
तर्क झकास आहे. पण तो तुमचा, तेंडुलकरांचा नव्हे.

पाणवठा:
मी नाटकवाला नाही, पक्षी बघणारा आहे, त्यामुळे माझं दुखणं निराळं. गिधाड शिकार करत नाही. ते मेलेलं खातं आणि गाव स्वच्छ ठेवतं. ‘लचके तोडणारा क्रूर पक्षी’ ही बदनामी आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या आणि मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे नव्वदीच्या दशकापासून देशातली ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आता रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात त्यांना जपायची धडपड चालते. आज विशीतला प्रेक्षक ‘गिधाडे’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय येणार? बहुधा व्यंगचित्र.

माजघर:
पाणवठादादा, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही नाटकाच्याच बाजूने बोललात! गिधाड मेलेलं खातं, बरोबर? या घरात बाप जिवंत आहे, समोर बसलाय, पितोय, भांडतोय. मुलांनी मात्र त्याला मेला असं धरून वाटणी सुरू केलीये. लांडगे म्हटलं असतं तर नुसती हिंसा कळली असती. गिधाडं म्हटल्यामुळे आधीच प्रेत ठरवलेला बाप दिसतो. प्राणी चपखल आहे.

विंगेतला:
माजघर, मुद्दा बिनतोड. तरी प्राणी पात्राच्या अंगात कसा मुरवायचा याचं उत्तम उदाहरण त्याच लेखकाकडे आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये बेणारेबाईंच्या तोंडी घरटं हरवलेल्या चिमणीचं बडबडगीत येतं. बाई शाळेत शिकवतात, पोटात मूल आहे आणि खेळातलं कोर्ट बघता बघता खरं होतं. त्यांना ‘चिमणी’ कोणी म्हणत नाही. ते आपण म्हणतो, मनातल्या मनात, आणि मग कावळे कोण तेही आपल्यालाच दिसायला लागतं. ‘गिधाडे’त हे काम लेखक आपल्या हातात सोडत नाही.

माजघर:
पण ‘गिधाडे’त तरी लेखक कुठे बोलतोय? घरच्यांना गिधाडं म्हणणारी नाटकातली कविता रजनीनाथची आहे. पप्पांचा अनौरस मुलगा, गॅरेजमध्ये टाकलेला, रमावर जीव असलेला. तो पप्पांना आणि त्या तिघा भावंडांना माणसं म्हणेल कशाला? त्याच्या रागाची भाषा आहे ती. दुसरा साक्षीदार असता तर त्याच घरात त्याला दुसरे प्राणी दिसले असते.

पिटातली खुर्ची:
हे मला पटलं. आणि बघा, त्याचं नाव भावांशी जुळत नाही. त्यांचे ‘कांत’, याचा ‘नाथ’. (आता मीही खोदायला लागलो!)

विंगेतला:
कविता रजनीनाथची, कबूल. पण शीर्षक त्याने दिलेलं नाही ना? जाहिरातीत, तिकिटावर, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तो शब्द तेंडुलकरांनीच छापलाय. त्याचं उत्तर द्या, मग धागा बंद करतो.