उलट्या दिशेचा प्रवास

काही जण म्हणतात की रोग नेहमी बाहेरून येणारेच आणतात. अर्धंच खरं आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तो बहुधा हाँगकाँगकडच्या जहाजांतून आलेला. पण पुढे तो पसरवला मुंबई सोडून पळणाऱ्यांनी! वळकटी, धान्याची पोती आणि त्यांत लपलेल्या पिसवा. स्टेशनांवर साहेब लोक प्रवाशांच्या काखा-जांघा चाचपून प्लेगच्या गाठी शोधायचे (बायकांच्याही, त्याचा संताप वेगळाच), पोत्यांतली पिसू मात्र बिनतिकीट पार. प्लेग पसरवण्यात उंदरांवरच्या पिसवेचा हात असल्याचं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. गावकरी मात्र घरात उंदीर मरून पडले की सरळ रानात झोपड्या बांधून राहायला जात.