प्रतिसाद: 'ऑसी' चालतं, मग 'पाकी' का नाही?

एकाने विचारलंय की 'ऑस्ट्रेलियन'चं 'ऑसी' चालतं, तर 'पाकिस्तानी'चं 'पाकी' केलं की त्यावरच एवढा गहजब का, शेवटी तेही नाव आखूड केलेलंच ना. माझ्या मते नाव किती आखूड केलं याला काही अर्थ नाही, ते कोण कुणाला आणि काय करताना म्हणत होतं ते बघायला हवं. 'ऑसी' हे ऑस्ट्रेलियन लोक स्वतःच कौतुकाने मिरवतात. 'पाकी' मात्र ब्रिटनमध्ये १९६०-७० च्या दशकांत रस्त्यावर माणसांना गाठून मारताना ओरडलं जायचं. त्या मारहाणीला 'पाकी-बॅशिंग' असं नावच पडलं होतं. मारणारे पासपोर्ट थोडेच बघत होते? गुजराती, शीख, बंगाली, आपली मराठी माणसं, सगळेच त्यांच्या लेखी 'पाकी'. १९७८ मध्ये पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या बांगलादेशी कामगाराचा खून झाला, तो याच वातावरणात. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. हे ज्यांनी भोगलं त्यांना 'नुसता शॉर्टफॉर्म आहे हो' असं सांगणं मला क्रूर वाटतं.

आपल्या वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांमधलं 'पाक' वेगळं, ते देशाचं नाव जागेअभावी छोटं केलेलं असतं.

अमेरिकेत 'जॅपनीज'च्या (जपानी) 'जॅप'चं असंच झालं. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावरच्या जपानी हल्ल्यानंतर ते पोस्टरांवर, मथळ्यांत सर्रास आलं आणि १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. टेक्ससमधल्या एका 'जॅप रोड'चं नाव बदलायला तर २००४ साल उजाडावं लागलं.