संत्र्याच्या कुकीजचे दोन घाणे वाया गेले, वास जातो कुठे? (आंटींचं ताट रिकामं कसं परत देऊ!)

ओटीजीवाली

नमस्कार मंडळी, मदत हवीये आणि जरा अर्जंट आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आंटी राहतात, मूळच्या मडगावच्या. दर नाताळाला त्या ताट भरून फराळ पाठवतात, नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि ती खोबऱ्याची रवाळ बिस्किटं असतात ना बोलिन्हास, ती. आता ताट रिकामं परत द्यायचं नसतं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, म्हणून मी दरवर्षी त्यात चिवडा नाहीतर रव्याचे लाडू घालून देते. पण यावर्षी काटोलहून सासरची पोतंभर संत्री आलीयत आणि मला वाटलं की आपणही नाताळाचं काहीतरी करावं, संत्र्याच्या कुकीज. मोठ्या तोऱ्यात आंटींना सांगूनही बसले!

पहिला घाणा : १ वाटी लोणी (घरचं, पांढरं), १ वाटी साखर, २ वाट्या मैदा, अर्धी वाटी ताजा रस आणि १ चमचा खायचा सोडा. पीठ इतकं सैल झालं की अजून मैदा घालत गेले घालत गेले, ट्रेवर ठेवले तेव्हा गोल होते आणि बाहेर काढले तेव्हा सगळ्यांची मिळून एक पोळी. संत्र्याचा वास शून्य. नवरा म्हणाला शिरा चांगला झालाय.

दुसरा घाणा : म्हटलं रस नको, अख्खं फळच घालू, सालीसकट मिक्सरमधून काढलं. यावेळी वास आला पण असला कडू की कारल्याने लाजावं.

अंडं चालणार नाही, मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत आणि सासूबाई इथेच आहेत. ओव्हन म्हणजे छोटा ओटीजी, २० लिटरचा. कुठे चुकतंय?

निवांत_काका

एवढा उपद्व्याप कशाला, नागपूरची संत्रा बर्फी मागवा आणि ताटात घालून द्या. आंटीही खूश, ओटीजीही खूश.

पिठीसाखर

काका तुम्ही आधी बाजूला व्हा :)

ओटीजीवाली, तुझे दोन्ही घाणे एकाच गैरसमजाने गेलेत. संत्र्याचा वास रसात नसतोच ग, सालीत असतो. लहानपणी भावंडांच्या डोळ्यात साल पिळायचो की नाही, ती जी बारीक चिळकांडी उडते ना ते तेल, तोच वास. (फुग्यावर पिळून बघ, फट्कन फुटतो, आमच्याकडे प्रत्येक वाढदिवसाला कुणीतरी रडायचंच.) रस म्हणजे बहुतेक पाणी, थोडी साखर, थोडं आंबट. ते पाणी मैद्यात गेलं की पीठ चिवट होतं आणि वरून साखर विरघळून कुकी पसरते. त्यात तुझं घरचं लोणी, त्यातही ताकाचा अंश असतोच. आणि १ चमचा सोडा म्हणजे तर कहर, सोडा रसातला आंबटपणा मारून टाकतो, म्हणजे रस घालून जे काही मिळणार होतं तेही गेलं. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते ती वेगळीच.

दुसऱ्या घाण्यातला कडूपणा सालीखालच्या पांढऱ्या अस्तराचा आणि बियांचा. बिया काढल्या होत्यास का? मिक्सरमध्ये बी भरडली गेली की संपलं. रससुद्धा काढून तासभर ठेवला तर कडवट लागायला लागतो, म्हणून तर रसवाला म्हणतो लगेच प्या.

माझं प्रमाण सांगते, लक्षात ठेवायला सोपं आहे, १ : २ : ३, साखर, बटर, मैदा, पण वजनावर हं, वाटीने नाही. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, काहीच नाही. बटर बिनमिठाचं नाही मिळालं तर साधं घे आणि वरून मीठ घालू नकोस. ३ संत्र्यांच्या सालीचा फक्त केशरी कीस, तो आधी साखरेत घालून बोटांनी चोळायचा, पाच मिनिटं, साखर ओलसर आणि पिवळसर होते आणि घरभर वास सुटतो. ही पायरी गाळू नकोस, सगळा खेळ तिथे आहे, साखरेचे दाणे सालीतलं तेल ओढून घेतात. म्हणून आधी साधी साखर घेऊन चोळायची, मग दळायची. तेवढी साखर बटरमध्ये घालून हलकं होईपर्यंत फेटायचं, मैदा घालून नुसता गोळा जमवायचा. पोळीच्या कणकेसारखं तिंबत बसायचं नाही.

सावनेरची_पोर

पिठीसाखर ताईंचं सगळं बरोबर पण त्यांनी बहुतेक मॉलमधलं ते घट्ट सालीचं माल्टा धरलंय डोळ्यासमोर. इथे संत्री काटोलची आहेत बाप्पा! नागपुरी संत्र्याची साल सैल असते, तिचं कौतुकच ते आहे, दोन बोटांत सोलून होते. किसणीवर घासायला जाल तर साल आत दबते, सुरकुतते आणि किसणीवर बोटंच सोलली जातात, मी दोनदा रक्त काढून राहिली आहे.

दोन उपाय. एक, अख्खी संत्री रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर वीसेक मिनिटं फ्रीझरला, साल ताठ होते, मग जायफळाच्या छोट्या किसणीवर अगदी हलक्या हाताने, एका जागी एकदाच, पांढरं दिसलं की पुढे सरका. दुसरा, जो मी करते : संत्री सोलून घ्या, सालीची आतली बाजू वर करून पोळपाटावर सपाट ठेवा आणि चमच्याच्या कडेने पांढरं सगळं खरवडून टाका, ताज्या सालीचं पटकन निघतं. मग उरलेली पातळ केशरी साल बारीक चिरून साखरेसोबत मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरवा. पिठीसाखर तशीही दळायचीच आहे, एका कामात दोन होतात. थांबून थांबून फिरवा, भांडं तापलं की साखरेचे गठ्ठे होतात.

आणि फळं आधी कोमट पाण्यात मीठ घालून चोळून धुवा. बागेतली असली तरी फवारणी असतेच, आम्ही लपवून काय करू.

आता आंबिया बहाराचा (म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून आलेला) माल चालू आहे, वास चांगला असतो. आमच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, जरा मान ठेवा, सालीसकट मिक्सरमधून काय काढता!

मधमाशी_७

माझ्याकडे दिवाळीच्या उटण्यासाठी वाळवलेली संत्र्याची साल आहे, त्याची पावडर घातली तर चालेल का? वास येतो तिला.

पिठीसाखर

मधमाशी, नको. वाळताना चांगला वास बराचसा उडून जातो आणि पांढरं अस्तर मात्र तसंच राहतं, म्हणजे उरतो तो कडूपणा. अंगाला लावायला ठीक.

सावनेर, चमच्याची युक्ती झकास, मला माहीतच नव्हती. मी आपली किसणीशी मारामारी करत बसते.

तूपवेडा

बटर का पण? साजूक तुपात करा, नानकटाई काय बटरची असते का. आमच्या आजोळी दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर पातेल्यात घेऊन बेकरीत जायचो, तिथे भट्टीत भाजून पत्र्याच्या डब्यात भरून द्यायचे, डब्यावर खडूने नाव. ती चव आता कुठे...

मुद्द्यावर येतो. बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट असतं आणि बाकी बरंचसं पाणी, तुपात पाणी जवळपास नाहीच. म्हणून २०० ग्रॅम बटरच्या जागी १६०-१६५ ग्रॅम तूप पुरे, सरळ २०० घातलंत तर परत पोळी होईल. तूप थिजलेलं, रवाळ घ्यायचं, पातळ केलेलं नाही, आणि हाताने फेसायचं पांढरंशुभ्र होईपर्यंत. संत्रं आणि साजूक तूप छान जमतं, वर एक वेलदोडा.

पिठीसाखर

मला तुपाचा वास संत्र्यावर चढतो असं वाटतं. बटर थोडं मागे राहतं. पण हे ज्याचं त्याचं.

तूपवेडा

चढू दे की. चढण्यासारखाच आहे.

कोल्हापूर_ते_श्टुटगार्ट

मी एरवी रोमात (म्हणजे नुसती वाचत, न लिहिता) असते पण हा धागा बघून राहवलं नाही. इथे जर्मनीत डिसेंबरभर घरोघरी अशीच छोटी छोटी बिस्किटं करतात, प्लेट्झखेन म्हणतात, डबे भरून ठेवतात, अगदी आपल्या फराळासारखं. आणि लिंबा-संत्र्याच्या जाळीवर चक्क लिहिलेलं असतं की साल खाण्यायोग्य नाही, कारण टिकावं म्हणून वरून औषध लावलेलं असतं, त्यामुळे बेकिंगसाठी सगळे जण ऑरगॅनिक शोधत फिरतात. तुमच्याकडे पोतंभर सासरची संत्री आहेत, हेवा वाटला.

एक गंमत सांगते. इथल्या नाताळच्या श्टोलेन ब्रेडमध्ये पाकवलेल्या सालीचे फिकट हिरवे तुकडे असतात, त्याला झिट्रोनाट म्हणतात. मला वाटायचं आपली टूटीफ्रूटीच असणार (ती तर कच्च्या पपईची असते). मग एकदा फळाचा फोटो बघितला तर हे मोठं, खडबडीत, जाड सालीचं, अरे हे तर म्हाळुंग! आमच्या अंबाबाईच्या उजव्या हातात असतं तेच. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली म्हाळुंगाचा मुरंबा तर पणजी करायची, त्यात नवीन काय.

बरं, कुकीजचं : रस फेकू नका, तो वर लावायला वापरा. कुकीज पूर्ण गार झाल्यावर १ वाटी पिठीसाखरेत एकेक चमचा रस घालत इडलीच्या पिठाइतपत दाट करायचं आणि चमच्याने वर पसरायचं, तासाभरात सुकून पांढरी खुटखुटीत पापडी होते. आंबटपणा वरून येतो आणि पीठ सैल होत नाही. अजून आंबट हवं तर चिमूटभर लिंबूसत्त्व. गरम कुकीवर मात्र लावू नका, वितळून खाली ओघळतं.

सावनेरची_पोर

म्हाळुंगाचं भारीच! आमच्याइकडे कोणी ते खात नाही.

ओटीजीवाली

बाप रे किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू थँक्यू. हो, बिया काढल्या नव्हत्या (कान पकडले).

आज बटरच्या प्रमाणाने करतेय. साल चमच्याने खरवडली, खरंच निघते, तीन संत्र्यांचं जमलं दहा मिनिटांत. साखर मिक्सरमधून काढली आणि झाकण उघडलं तर सासूबाई हॉलमधून विचारतायत की कोण संत्रं सोलतंय. आता गोळा फ्रीजमध्ये आहे. ओटीजीचं तापमान किती आणि दोन्ही कॉइल लावू का नुसती खालची? माझ्या आधीच्या खालून काळ्या नि वरून पांढऱ्या झाल्या होत्या.

पिठीसाखर

अर्धा तास तरी राहू दे फ्रीजमध्ये. मग अर्धा सेंटीमीटर जाड लाटून वाटीने नाहीतर झाकणाने काप, ट्रेवर ठेवल्यावर परत दहा मिनिटं फ्रीज. १६० वर, दोन्ही कॉइल, मधल्या खाचेत, आधी दहा-पंधरा मिनिटं ओव्हन तापवून. छोट्या ओटीजीत ट्रे कॉइलच्या फार जवळ येतो म्हणून खालून जळतं, खाली एक रिकामा ट्रे अजून सरकव, आडोसा होतो. १५ ते १८ मिनिटं, पण १२ नंतर तिथेच उभी राहा, फोन घेऊ नकोस. कडा जराशा बदामी दिसल्या की काढ. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरून परत आत घालू नकोस, गार झाल्यावरच खुसखुशीत होतात. बहुतेक लोक इथेच फसतात.

निवांत_काका

मी अजून बर्फीवर ठाम आहे. पण फोटो टाका.

ओटीजीवाली

झाल्या!!! ३८ झाल्या. एक ट्रे जरा जास्त बदामी झाला कारण कुरियरवाला आला आणि मी दार उघडायला गेले (हो, उभी राहायला सांगितलं होतंस). पण आकार राहिला, पसरल्या नाहीत, आणि मोडल्यावर आतमध्ये केशरी ठिपके दिसतात. वरचं साखरेचं निम्म्यांनाच लावलं, कारण सासूबाईंना बिनसाखरेच्या आवडल्या, त्यांनी चहाबरोबर पाच संपवल्या आणि मग म्हणाल्या पुढच्या वेळी तुपात कर. तूपवेडा, तुम्ही आमच्या नात्यात आहात का?

आंटींना चवीला म्हणून चार देऊन आले. त्यांनी एक तिथेच उभ्या उभ्या खाल्ली आणि विचारलं की यात खोबरं घातलं तर? म्हणजे नाताळाच्या दिवशी आता खोबरं घालून करायच्या असं ठरलंय, त्या बोलिन्हासचं प्रमाण सांगणार आहेत.

आता एकच प्रश्न उरला. आजच्या तीन आणि आधी किसणीवर प्रॅक्टिस म्हणून साल काढलेली आठ, अशी अकरा संत्री फ्रीजमध्ये उघडी पडलीत आणि सुकायला लागलीत. त्यांचं काय करू?

निवांत_काका

खा.