कोंबड्यांच्या पिंजराविरहित शेडमध्ये लिटर (जमिनीवरील तुसाचा थर) कधी खुले करावे?

प्रश्न: आमच्या बहुमजली शेडमध्ये तलंगा (तरुण कोंबड्या) नुकत्याच अंड्यावर आल्या असून, अंडी घालण्याची खोकी रिकामी असतानाही बरीच अंडी भिंतीलगतच्या तुसात सापडतात. लिटर काही काळ बंद ठेवणे योग्य ठरेल का?

उत्तर १: बहुतेक कोंबड्या सकाळी अंडी घालतात आणि धूळस्नान मुख्यतः दुपारी करतात; त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे लिटरची दारे सकाळी बंद ठेवून दुपारी उघडल्यास खोक्यांची सवय लागते. मात्र सवय लागल्यावरही केवळ सोयीसाठी दारे बंद ठेवू नयेत, कारण उकरायला आणि टोचायला काही मिळाले नाही की त्या एकमेकींची पिसे उपटू लागतात, आणि ती खोड एकदा जडली की सुटणे कठीण!

उत्तर २: दारांआधी कोपरे पाहा. अंधारा, शांत कोपरा कोंबडीला खोक्याइतकाच पसंत पडतो. तेथे उजेड वाढवावा, तुसाचा थर पातळ ठेवावा आणि जमिनीवरची अंडी दिवसातून अनेकदा उचलावीत. युरोपीय संघाच्या 1999च्या निर्देशानुसार प्रत्येक कोंबडीमागे किमान 250 चौरस सेंटिमीटर लिटर लागते. आपल्याकडे पावसाळ्यात खरी अडचण ओलाव्याची असते: मूठभर तूस दाबल्यावर गोळा तसाच राहिला, तर निपलची (पाणी पिण्याच्या तोटीची) गळती शोधून ते तूस बदलावे, अन्यथा अमोनिया वाढतो.

प्रश्नकर्ता: कोपऱ्यांत खरोखरच अंधार आहे. प्रथम दिवे लावतो.