पोलिश लोकांना इंग्रजी फ्रेझल व्हर्ब कशी शिकवावीत?

क्राकूवकर: ऑफिसनंतर पोलिश सहकाऱ्यांना इंग्रजी बोलायला मदत करतो. त्यांच्या पुस्तकांत फ्रेझल व्हर्बच्या (क्रियापदाला ऑफ, अपसारखा छोटा शब्द जोडून होणारा नवा अर्थ) नुसत्या याद्या: पुट ऑफ (पुढे ढकलणे), पुट अप, पुट अप विथ (सहन करणे). पाठ करतात नि विसरतात. माझं मत: याद्या फेका, त्यांच्याच भाषेतले उपसर्ग वापरा. पोलिशमध्ये 'पिसाच' म्हणजे लिहिणे (पिशाच नव्हे!). उपसर्ग लागला की 'पोद्पिसाच' सही करणे, 'झापिसाच' टिपून ठेवणे, 'ओपिसाच' वर्णन करणे. 'प्शेपिसाच' म्हणजे उतरवून काढणे आणि डॉक्टरांनी औषध लिहून देणंही. आपल्या प्रहार-आहार-विहार-संहारची जातकुळी. इवल्याशा तुकड्याने अर्थ फिरतो हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. इंग्रजीत तो तुकडा मागे जातो, एवढंच.

जुनी शिक्षिका: एवढंच? तिथेच तर घोडं पेंड खातं. 'वि' म्हणजे बाहेर, म्हणून 'विहोजिच' म्हणजे गो आउट, ठीक. पण दिवा बंद करायला 'विवोंचिच', आणि इंग्रजीत स्विच ऑफ. पुन्हा पोलिश उपसर्ग क्रियापदाला कायमचा चिकटलेला. इंग्रजीत 'टर्न इट ऑफ' म्हणावंच लागतं, 'टर्न ऑफ इट' चालत नाही. त्यातून कित्येक उपसर्ग अर्थ बदलतच नाहीत, काम पुरं झाल्याचं सांगतात: 'पिसाच' लिहीत असणे, 'नापिसाच' लिहून टाकणे. 'ना' म्हणजे 'वर', म्हणून तुमचा विद्यार्थी तिथे 'राइट ऑन' म्हणणार!

क्राकूवकर: पण ही तर माझीच बाजू झाली. 'पिच' पिणे, 'विपिच' पिऊन टाकणे. ड्रिंक अप, ईट अपमधला 'अप' दुसरं काय करतो?

ब्रसेल्सवाला: दोघेही कशाला डोकं शिणवताय? फ्रेझल व्हर्ब टाळू द्या की त्यांना. पोलिशमध्ये 'तोलेरोवाच', 'कोन्तिनुओवाच' हे लॅटिन वळणाचे शब्द आहेतच, त्यामुळे टॉलरेट, कंटिन्यू आपसूक तोंडात येतात. माझ्या मीटिंगमध्ये स्पॅनिश, इटालियन सगळ्यांना तेच कळतात. 'पुट अप विथ' म्हटलं की निम्मे गप्प होतात.

लीड्सकर: साफ चूक. मे 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटनने लगेच कामाची दारं उघडली. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये 6 लाखांहून जास्त लोकांनी पोलिश ही मुख्य भाषा सांगितली. त्यातले कितीतरी गोदामात नि बांधकामावर. मुकादम 'कंप्लीट द फॉर्म' म्हणत बसत नाही, 'फिल इट इन' म्हणतो, 'नॉक ऑफ ॲट फोर' (चारला काम थांबवा) म्हणतो. दुसरं, लॅटिन शब्द दगाही देतात. 'रेझिग्नोवाच' बेत रद्द करायलाही चालतं, म्हणून पोलिश माणूस सहजपणे 'आय रिझाइन्ड फ्रॉम द ट्रिप' म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं राजीनामा दिला. तिथे निदान 'ड्रॉप्ड आउट' तरी यायला हवं.

ब्रसेल्सवाला: मग ते लीड्सला गेल्यावर शिकतील. पोलंडमध्येच राहणाऱ्याने कशाला घोकायचं?

लीड्सकर: गेल्यावर शिकायला बारा तासांच्या पाळीनंतर अंगात त्राण हवं ना.

जुनी शिक्षिका: मला विचाराल तर फ्रेझल व्हर्बपेक्षा प्रेझेंट परफेक्ट ('आय हॅव लिव्हड'सारखा काळ) जड जातो. पोलिशमध्ये 'दोन वर्षांपासून इथे राहतो' हे साध्या वर्तमानकाळात बसतं, थेट मराठीसारखं. म्हणून ते चुकून 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' म्हणतात. आपलेही लोक तसंच काहीतरी बोलतात.

क्राकूवकर: बाई, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे अजून 'अप'चाच निकाल लागलेला नाही.